निकितिनचा 'बुत' आणि बुद्ध

रशियन शोधकांनी सायबेरियाची अरण्ये १६ व्या शतकाच्या अखेरीपासून पालथी घातली. १९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात गेला. त्यांच्याही पूर्वी, इ. स. १४७० च्या सुमारास, त्वेर नगरीचा व्यापारी अफनासी निकितिन चौल बंदरी उतरून जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बिदर येथे पोहोचला. बिदर म्हणजे आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांचा शेजार.

निकितिनच्या प्रवासटिपणांत एक नोंद आहे: या देशात ८४ पंथ असून ते सर्व 'बुत' मानतात. 'पर्वत' येथील भव्य देवालयास तो 'बुतखाना' म्हणतो. यावरून १५ व्या शतकात दख्खनमध्ये बौद्ध धम्म सर्वत्र नांदत होता, असे अनुमान काढणे चूक ठरेल. मूर्तीसमोर पाषाणाचा प्रचंड बैल असल्याचे तोच सांगतो. अभ्यासक हे स्थळ श्रीशैल, म्हणजेच शैव क्षेत्र मानतात. 'बुत' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ मूर्ती. निकितिनने तो फारसी बोलणाऱ्यांकडून उचलला.

तथापि अनेक भाषाविद या शब्दाचे मूळ 'बुद्ध' या नामातच शोधतात. मध्य आशियात एके काळी बुद्धमूर्ती सर्वपरिचित होत्या. पुढे धम्म तेथून लोपला, शब्द मात्र उरला.

याच नोंदीत निकितिन पुढे म्हणतो की, हे पंथ परस्परांत खात-पीत नाहीत व विवाहही करीत नाहीत. रोटी-बेटीबंदीची ही एका परकीयाने दिलेली साक्ष होय. इतिहासाच्या अभ्यासकाने तिचे मोल अधिक मानावे.