विसरणाऱ्या हाताला स्क्रिप्टची जोड
बहुतेक विद्युत्‌यंत्रांच्या पोटात सर्किट बोर्ड असतो. तो घडविण्यासाठी कारखान्यास तांब्याच्या प्रत्येक थराची निराळी गर्बर फाइल व छिद्रांची स्वतंत्र फाइल धाडावी लागते. आराखडा बदलला, पण घाईत छिद्रांची फाइल जुनीच गेली, तर छिद्रे भलतीकडे पडून सारा माल वाया जातो.

१९९२ मध्ये फ्रान्सच्या जाँ-पिएर शारा यांनी आरंभिलेल्या 'किकॅड' या मुक्त प्रणालीच्या सातव्या आवृत्तीने, २०२३ मध्ये, या फाइली लेखी आज्ञेने काढण्याची सोय दिली. आज्ञा क्रमवार लिहून स्क्रिप्ट केली, की एका हाकेसरशी सर्व फाइली ताज्या आराखड्यातून निघतात.

मात्र सदोष आराखडाही स्क्रिप्ट तितक्याच निष्ठेने धाडील. विसरण्याची धास्ती सरली. तपासण्याची जबाबदारी आपलीच!