ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम : भूल व श्वासमार्गाचे व्यवस्थापन

संपूर्ण भुलीमुळे रुग्णाची वेदना नाहीशी होते; परंतु त्याचबरोबर घशातील जे स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवतात, तेही शिथिल पडतात. सर्वसाधारण रुग्णात हनुवटी पुढे उचलून व मास्क लावून भूलतज्ज्ञ ही वाट राखतो. चेहऱ्याच्या हाडांची वाढ जन्मतःच अपुरी असेल, तर ही साधी कृतीही दुष्कर ठरते. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ एडवर्ड ट्रीचर कॉलिन्स यांनी १९०० मध्ये वर्णन केलेला हा जनुकीय विकार सुमारे ५०,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो. गालाची हाडे व खालचा जबडा लहान राहतो, बाह्यकर्ण अविकसित असतो, काहींची टाळू दुभंगलेली असते. बुद्धी मात्र बहुधा सामान्य असते. ऐकू कमी येत असल्याने अशा बालकास मंदबुद्धी समजण्याची चूक सहज घडते; ती तपासणीच्या वेळी तरी होऊ नये.

आखूड जबड्यामुळे जिभेला पुढे जागा उरत नाही व लॅरिंजोस्कोपने पाहूनही स्वरयंत्र दिसत नाही. टाळू, कान, जबडा यांच्या शस्त्रक्रियांसाठी या मुलांना वारंवार भूल द्यावी लागते. खरा धोका येथेच आहे. पिएर रॉबिन विकारात वयानुसार जबडा वाढतो व श्वासनलिकेत नळी घालणे बहुधा सुलभ होत जाते. ट्रीचर कॉलिन्समध्ये ते वाढत्या वयाबरोबर अधिक कठीण होऊ शकते. त्यामुळे ‘मागील वेळी नळी सहज गेली’ या जुन्या नोंदीवर विसंबणे घातक ठरू शकते. प्रत्येक वेळी तपासणी नव्याने करावी, तसेच मूल झोपेत घोरते काय, त्याचा श्वास मध्येच थांबतो काय, हे मातेस आवर्जून विचारावे.

भूल देताना रुग्णाचा स्वतःचा श्वास शक्यतो चालू ठेवला जातो. मास्कने श्वास देता येतो याची खात्री पटेपर्यंत स्नायू शिथिल करणारे औषध टाळणे इष्ट. डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये विकसित केलेला लॅरिंजियल मास्क येथे विशेष उपयुक्त ठरतो. त्यातून लवचीक फायबर ऑप्टिक दुर्बिणीच्या साहाय्याने नळी सरकवता येते. गळ्यातून श्वासमार्ग करू शकणारा शल्यविशारद आरंभापासूनच उपस्थित असावा.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण जागा झाल्याखेरीज नळी काढू नये. अफूवर्गीय वेदनाशामके बेताने द्यावीत व पहिल्या रात्री रक्तातील प्राणवायूवर सतत लक्ष ठेवावे. कोणते साधन उपयोगी पडले व कोणते निष्फळ ठरले, याची तारखेसह लेखी नोंद पालकांच्या हाती देणे आवश्यक आहे, कारण पुढील शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात होण्याचा संभव असतो.