फिरून फिरून तेच दुखणे : इंजिनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिहोरा परिसरात, आषाढसरींनी बांध्या भरून पऱ्हे रोवणीस आले आणि चिखलणीची घाई उडाली की, ज्याचा ट्रॅक्टर भर बांधीत बंद पडतो, दुरुस्त होऊन येतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तसाच थांबतो, त्या शेतकऱ्याला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हातची वेळ गेल्याचे शल्य अधिक बोचते. अशा प्रसंगी मिस्त्रीच्या पहिल्या अंदाजालाच निदान मानून एकामागून एक सुटे भाग बदलण्याचा जो सपाटा सुरू होतो, त्याच्या मुळाशी काही रूढ समजुती आहेत. त्यांची वस्तुस्थितीशी रुजुवात घालून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : इंजिन धूर ओकू लागले की ते खोलावेच लागते.

वस्तुस्थिती : धुराचा रंग हाच पहिला दाखला होय. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडते आहे. धुळीने तुंबलेला एअर क्लीनर स्वच्छ केल्यावर तो पुष्कळदा निवळतो, न निवळल्यास नोझल तपासावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि तेव्हा मात्र रिंगांपर्यंत जाण्याची पाळी येऊ शकते. थंड इंजिनातून काही क्षण पांढरा धूर निघणे स्वाभाविक असते. परंतु इंजिन तापल्यावरही तो न थांबता रेडिएटरमधले पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा.

गैरसमज : तासभर चालून इंजिन बंद पडते, म्हणजे पंप गेला.

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो, हे तत्त्व रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवले. हा फवारा खंडला की इंजिन थांबणारच. पण तो खंड पंपाच्या अलीकडेही पडू शकतो. फिल्टर तुंबतो, सैल वॉशरमधून नळी हवा घेते, किंवा टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजून, डिझेल उपसले जाईल तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पुरवठा आटतो. इंजिन थांबल्याबरोबर झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने इंजिन पूर्ववत चालू लागले, तर मूळ दोष हाती लागला असे समजावे. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन तापत नाही.

वस्तुस्थिती : बहुधा 80 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारी ही झडप इंजिनाला योग्य उष्णतेवर आणते आणि तेथे टिकवते. ती काढल्यास इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरवरील ऑइलचा थर धुऊन नेते आणि झीज वाढते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली तणस, सैल पट्टा, दाब न धरणारे झाकण ही कारणे आधी पाहावीत. झडपेवरच वहीम असेल तर ती पातेल्यातील पाण्यात ठेवून पाणी तापवावे. न उघडल्यास नवी बसवावी.

गैरसमज : यंत्राने कोड दाखवला, म्हणजे निदान झाले.

वस्तुस्थिती : 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकानंतर मोटारसायकलीही सेन्सरवर चालू लागल्या. कोड हा त्या सेन्सरची जबानी असतो, न्यायालयाचा निकाल नसतो. ‘मिश्रण विरळ’ अशी नोंद आली तर ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. वास्तविक हवा कोठून तरी शिरते आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे, हेच तो सांगत असण्याचा संभव असतो. बॅटरी काढून कोड पुसला तर पुरावा नाहीसा होतो, दोष तसाच राहतो.

गैरसमज : दुरुस्तीबद्दल दाद मागता येत नाही.

वस्तुस्थिती : ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीविरुद्ध, स्वतःच्या चरितार्थासाठी यंत्र वापरणाऱ्यासही, भंडारा येथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही. मात्र तोंडी व्यवहारावर तक्रार टिकणे कठीण. तपशीलवार बिल हवे आणि काढलेला जुना भागही मागून घेतलेला बरा.

अधूनमधून प्रकटणारा दोष मिस्त्रीच्या अंगणात लपून बसतो आणि बांधीत पुन्हा डोके वर काढतो, यात मिस्त्रीचा अनाडीपणाच असतो असे नाही. ज्या ताणाखाली तो दोष उद्भवतो तो ताण तेथे नसतो. म्हणून पुढील खेपेस इंजिन थंड होते की तापलेले, ओझे किती होते, किती वेळाने ते थांबले आणि धूर कोणत्या रंगाचा होता, या चार गोष्टी कागदावर टिपून न्याव्यात. आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी, तो बिघडल्याचे कशावरून ठरवले, एवढे मिस्त्रीला अवश्य विचारावे.