चित्राखाली छापलेला आकडा

पानावर घराचं चित्र आहे. कोपऱ्यात निमुळत्या टोपीचा गोल बुरूज. दर्शनी बाजूने निघून वळसा घेत कडेला गेलेली ओसरी. ओसरीच्या खांबांमध्ये लाकडाची जाळी, आणि वरच्या त्रिकोणी भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या लाकडी चकत्या. चित्राखाली तळमजल्याचा आणि वरच्या मजल्याचा नकाशा, प्रत्येक खोलीच्या पोटात तिची लांबी-रुंदी. आणि या सगळ्याच्या खाली एक आकडा. इतक्या डॉलरांत हे घर उभं राहील.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत अशी पुस्तकं खूप निघाली. घर बांधायचं मनात आलेला किराणा दुकानदार, डॉक्टर, बँकेतला कारकून संध्याकाळी दिव्याखाली बसून ती चाळायचा. शेजारी बायको असायची, आणि बहुधा बोट तिचंच चित्रावर असायचं. पसंत पडलं की पत्र आणि पैसे पाठवायचे. काही दिवसांत टपालाने नकाशांची गुंडाळी घरी येई. नकाशा काढणाऱ्याने ना तो प्लॉट पाहिलेला, ना ते गाव.

या घरांच्या शैलीचं नाव ‘क्वीन ॲन’. ॲन राणी वारली १७१४ साली आणि या बुरुजांशी तिचा काडीचाही संबंध नाही. इंग्लंडात रिचर्ड नॉर्मन शॉ वगैरे वास्तुरचनाकार मंडळींनी जुन्या इंग्रजी घरांवरून एक नवी धाटणी बसवली, तिला हे नाव चिकटलं. अमेरिकेत तिचा पहिला ठळक नमुना म्हणून हेन्री हॉब्सन रिचर्डसनने १८७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूपोर्टला बांधलेलं वॉट्स शर्मन यांचं घर दाखवतात. ते धनिकाचं, दगडाविटांचं. त्याच धाटणीची लाकडी, स्वस्त, टपालाने मिळणारी आवृत्ती पुढे गावोगाव गेली.

घरांची पुस्तकं काही तेव्हाच निघाली असं नाही. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगचं ‘कॉटेज रेसिडेन्सेस’ १८४२ सालचं. ते होतं अभिरुची घडवण्यासाठी. दुकान मांडलं ते जॉर्ज पॅलिसरने. हा इंग्लंडहून आलेला, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला स्थायिक झालेला माणूस. सर्कशीमुळे नाव झालेला पी. टी. बार्नम त्याच गावचा आणि पॅलिसरचं गिऱ्हाईक. १८७६ साली पॅलिसरने ‘मॉडेल होम्स फॉर द पीपल’ ही पुस्तिका काढली, किंमत पंचवीस सेंट. मागोमाग न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट शॉपेलची ‘को-ऑपरेटिव्ह बिल्डिंग प्लॅन असोसिएशन’ आली. नाव सहकारी, धंदा चोख खासगी. प्रतिष्ठित वास्तुरचनाकार या लोकांकडे बघून नाक मुरडत. त्यांचा रिवाज बांधकामखर्चाच्या पाच टक्के घेण्याचा. म्हणजे दोन हजारांच्या घराला शंभर डॉलर, आणि इतक्या लहान कामाकडे ते बघायलाही तयार नसत. टपालवाले त्याच्या काही हिश्शात नकाशे देत.

या सगळ्यांत मला आवडतो तो नॉक्सव्हिलचा जॉर्ज फ्रँकलिन बार्बर. जन्म १८५४, इलिनॉयमधल्या डीकाल्बचा. वास्तुकलेच्या शाळेचं तोंड न पाहिलेला हा सुतार माणूस पॅलिसरसारख्यांची पुस्तकं वाचूनच शिकला. १८८७च्या सुमारास त्याने ‘कॉटेज सुव्हेनिर’ काढलं. पुस्तक कसलं, जाड कार्डांना भोकं पाडून लोकरीच्या धाग्याने बांधलेला गठ्ठा! १८८८ मध्ये प्रकृतीसाठी हवापालट म्हणून तो टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला आला आणि तिथलाच झाला. १८९१ च्या ‘कॉटेज सुव्हेनिर नंबर टू’ने त्याचं नाव देशभर गेलं. शतक संपताना त्याच्या हाताखाली तीसेक नकाशाकार आणि नुसती पत्रं लिहायला वीसेक माणसं होती. त्याने विकलेल्या नकाशांचे संच वीस हजारांच्या घरात जातात असा अंदाज आहे.

इतकी पत्रं लिहायला माणसं कशाला, तर बार्बरची खुबीच त्या पत्रांत होती. चित्रातलं घर जसंच्या तसं घ्या असा त्याचा हट्ट नसे. खोली वाढवायची आहे, बुरूज डावीकडे हवा आहे, लिहून कळवा. म्हणून एकाच नकाशाची दोन घरं दोन गावांत चुलत भावंडांसारखी दिसतात, जुळ्यांसारखी नाहीत. ओरेगॉनमधल्या जॅक्सनव्हिल या गावी १८९२ साली बांधलेलं नूनन यांचं घर बार्बरच्या नकाशावरचं. हे सोन्याच्या खाणींवर वाढलेलं गाव. १८८४ मध्ये रेल्वे त्याला टाळून पाचेक मैलांवरच्या मेडफर्डवरून गेली आणि गावाची रया गेली. तिथे टेनेसीतून कागद पोचला आणि गावातल्या हातांनी घर उभं केलं. लोक अजून त्याला कॅटलॉगचं घर म्हणतात.

आता त्या आकड्याकडे वळू.

१८९०च्या सुमारास कारखान्यातल्या कामगाराची वर्षाची कमाई साडेचारशे डॉलरांच्या आसपास. सुताराला दहा तासांच्या दिवसाचे दोन-अडीच डॉलर मिळत, मोठ्या शहरात थोडे जास्त. (दहाचे आठ तास व्हावेत म्हणून १ मे १८९० ला जो लढा झाला, त्यात सर्वांत पुढे सुतारांचीच संघटना होती.) बार्बरच्या पुस्तकातली घरं पाचेकशे डॉलरांपासून आठ हजारांपर्यंत जात. दीड-दोन हजारांचं घर म्हणजे कामगाराची चार वर्षांची पूर्ण कमाई, म्हणून कामगार या पुस्तकांचा गिऱ्हाईक नव्हताच. पण ज्याचं चाललेलं दुकान आहे त्याच्या आवाक्यात ते येत होतं, बुरुजासकट.

आणि इथे आपली नजर फसते. आपण वाड्यात वाढलेली, निदान वाडे पाहिलेली माणसं. सागवानी खांबावरचं कमळ, तुळईच्या टोकाचा पोपट म्हणजे महिनोन्महिने बसलेला कारागीर, म्हणजे पैसा, हे आपल्या डोळ्यांत इतकं मुरलंय की बार्बरचं घर पाहिल्यावर पहिलं वाटतं, किती खर्च केला असेल यांनी नक्षीवर! हिशेब उलटा आहे. त्या घरात नक्षी स्वस्त होती. महाग होतं ते दिसत नाही असं सगळं: पाया, तळघर, धुराडं, गिलावा आणि माणसाचा दिवस.

असं झालं त्याचं कारण वाफेवर चालणारी जाळीकामाची करवत आणि वाफेवरच फिरणारा लेथ. कातारी हाताने दिवसभर खपून जे कातील, त्याचे ढीग गिरणीतून बाहेर पडू लागले. जिन्याचे कातीव गज, ओसरीच्या कोपऱ्यातले कंस, पाख्यांच्या कडेची झालर हे सगळं नगावर, सेंटांच्या भावात. गिरणीच्या कॅटलॉगात नंबर बघायचा, रेल्वेने मागवायचं, खिळ्याने ठोकायचं. जाळीचा एक तुकडा जास्त लावला तर एकूण खर्चात ओरखडाही उठत नसे. मग का लावू नये? या घरांवर नक्षीची जी खोगीरभरती दिसते तिचं निम्मं कारण मला हौस वाटत नाही, भाव वाटतो.

भिंत आतून पाहिली तर हे आणखी कळतं. पूर्वी लाकडी घर म्हणजे हातभर जाडीच्या तुळया. एकीत भोक पाडायचं, दुसरीचं टोक तासून त्यात बसवायचं. ते करणारा सुतार कसलेला लागे. १८३०च्या दशकात शिकागोच्या बाजूला निराळा सांगाडा रूढ झाला. दोन इंच बाय चार इंचांच्या सडपातळ खांबांची रांग, सोळा-सोळा इंचांवर, सगळे सांधे नुसत्या खिळ्यांचे. फुग्यासारखा हलका म्हणून त्याला ‘बलून फ्रेम’ असं हिणवलं, आणि तेच नाव राहिलं. या सोळा इंचांतही हिशेब दिसतो. गिलावा धरण्यासाठी भिंतीवर आडव्या ठोकायच्या पट्ट्या गिरणीतून चार फुटी येत. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, तीन गाळे नेमके भरतात आणि पट्टी कापावी लागत नाही. त्या पट्ट्यांवर चुना, वाळू आणि जनावरांचे केस कालवून केलेला गिलावा तीन हातांनी चढे. हे काम यंत्राला जमत नव्हतं. म्हणून पैसा तिथे जाई.

लाकूड मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या पाइनच्या जंगलांतलं, सरोवरांमधून जहाजांनी शिकागोला यायचं आणि तिथून रेल्वेने झाड नसलेल्या माळांवर. भाव हजार फुटांचा. छपराच्या लाकडी कौलांचं माप ‘स्क्वेअर’, म्हणजे शंभर चौरस फूट. आपल्याकडचा ठेकेदार ‘ब्रास’ म्हणतो तेच. तारेचे यंत्रावरचे खिळे स्वस्त होत गेले आणि १८९०च्या दशकात त्यांनी पत्र्यातून कापलेल्या जुन्या खिळ्यांना बाजारातून बाजूला केलं. डबाबंद तयार रंग आले. एक खोट मात्र या भिंतीत होती. खांब पायापासून छपरापर्यंत सलग, मधली पोकळीही सलग. तळघरात आग लागली तर ती भिंतीच्या पोटातून धुराड्यासारखी थेट माळ्यावर पोचे. पुढे प्रत्येक मजल्याचा सांगाडा वेगळा करायची पद्धत आली ती यावरूनही.

आणि आता बारीक टाइप. शॉपेलच्या पुस्तकांत आकड्याच्या जोडीला एक ओळ असते: मॅन्टल, स्वयंपाकाची लोखंडी चूल आणि घर गरम ठेवण्याची यंत्रणा सोडून. मॅन्टल म्हणजे शेकोटीभोवतीची चौकट, दिवाणखान्याची शोभा. चूल म्हणजे स्वयंपाकघर. आणि गरम करण्याची यंत्रणा म्हणजे उत्तरेतल्या हिवाळ्यात जीव! आपल्याकडे ‘एक्स्ट्रा आयटम’चं वेगळं बिल लावतात, त्याचे हे पणजोबा. शिवाय दर न्यूयॉर्कचे धरलेले असत, तुमच्या गावचे तुम्ही बघा. जमिनीचं तर नावच नाही. आकडा खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो सासरच्या मंडळींना सांगितलेल्या पगारासारखा होता.

घर गरम ठेवण्याची ही यंत्रणा नसली की काय होतं याची एक साक्ष मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे. पुढे फिलाडेल्फियात शिकताना त्यांच्या वाट्याला आलेल्या खोलीतली शेकोटी धड चालत नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर गारठा. त्या शहरात तेव्हा घरं धडाक्याने उभी राहत होती. उबेची तजवीज मात्र ज्याची त्याला बघायची होती.

पैसा उभा करण्याची सोयही त्याच काळात गावोगाव झाली. ‘बिल्डिंग अँड लोन असोसिएशन’ म्हणजे थेट आपली पतपेढी. सभासदांनी दरमहा हप्ता भरायचा आणि जमलेल्या पुंजीतून एकेकाने घरासाठी कर्ज उचलायचं. १८९३च्या सरकारी पाहणीत अशा ५,८३८ संस्था मोजल्या गेल्या. पण त्याच वर्षी मंदी आली, बँका बुडाल्या, बांधकामं थंडावली. मंदी सरली तेव्हा आवड पालटली होती. बुरूज, खवले, झालर एकदम शिळं वाटू लागलं. लोकांना सरळ भिंतीची, बेताच्या उंचीची घरं हवी झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या सर्वांत लाडक्या नमुन्याचं नाव होतं ‘बंगलो’. आपल्याकडचा बंगलाच तो, साहेबाच्या बोटीतून फिरत तिकडे पोचलेला. १९०८ पासून ‘सीअर्स रोबक’ने नकाशाच्या पुढे जाऊन घराचं सामानही रेल्वेच्या डब्यातून पाठवायला सुरुवात केली. बार्बर १९१५ मध्ये वारला.

अशा घरांचा आकडा पुढे कुठवर गेला, त्याचा हा एक नमुना. सॅन फ्रान्सिस्कोच्या अलामो स्क्वेअरसमोर स्टायनर स्ट्रीटवर रंगीत घरांची एक रांग आहे. पोस्टकार्डांवर आणि सिनेमांत सगळ्यांनी पाहिलेली. मॅथ्यू कॅव्हना या बिल्डरने ती १८९२ ते १८९६ या काळात बांधली आणि एकेक सुमारे साडेतीन हजार डॉलरना विकली. १९०६ च्या भूकंपानंतरची आग व्हॅन नेस ॲव्हेन्यूपाशी थोपवली गेली म्हणून ती वाचली. त्यातलं एक घर २०२० मध्ये साडेपस्तीस लाख डॉलरना गेलं.

बार्बरचं १८९१चं पुस्तक पुन्हा छापलं गेलं आहे आणि शॉपेलच्या घरांचंही पुनर्मुद्रण मिळतं. हाती आलंच तर बुरूज नंतर बघा. आधी आकडा बघा, आणि त्याच्या आजूबाजूला बारीक टाइपात काय वगळलंय ते वाचा.