बादलीतले पाणी कुणाच्या खात्यावर?

आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र बसले, तेव्हा त्याची एक नळी मोरीत सोडली होती. सौभाग्यवतींनी त्या नळीखाली बादली ठेवली. पिण्याच्या पाण्याची कळशी भरेपर्यंत बादली दोनदा ओसंडली. ‘‘हे पाणी कुणाच्या खात्यावर टाकायचं?’’ त्यांनी विचारले. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला मी, पण मला उत्तर सुचेना.

त्या यंत्रातले तत्त्व आपल्या घरातलेच आहे. काकडीला मीठ लावले की पाणी सुटते आणि बेदाणे भिजत घातले की टम्म फुगतात. पातळ पडद्यातून पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते. फ्रान्समधल्या नोले नावाच्या धर्मगुरूंनी १७४८ साली प्राण्याच्या मूत्राशयाचा पडदा वापरून हे पाहिले होते. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला, तर पाणी उलटे वाहते आणि क्षार मागे राहतात. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी त्यासाठी व्यवहारात चालेल असा पडदा तयार केला. वायूंनाही हीच युक्ती लागू पडते. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून चटकन निसटतो आणि जळणारा मिथेन मागे उरतो.

हे सारे मला फार उशिरा कळले. १९९३ साली मी शाखाधिकारी असताना कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याला कर्ज मंजूर केले. तारण पाहिले, यंत्रांची कोटेशने पाहिली. ‘‘सांडपाणी कुठं सोडता?’’ असेही विचारले. ‘‘मागं ओढा आहे की, साहेब!’’ मी सही केली. हप्ते अगदी वेळेवर येत राहिले.

तीन वर्षांनी एक वयस्क शेतकरी माझ्या टेबलावर बाटली ठेवून उभा राहिला. आतले पाणी तांबूस होते. ‘‘साहेब, ह्या हिरीला कर्ज तुमच्याच बँकेनं दिलंतं,’’ एवढेच तो म्हणाला. त्याचे खाते थकले होते आणि नोटिशीवर सही माझीच होती.

पुढे तमिळनाडूतल्या तिरुप्पूरविषयी वाचले. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी नासवली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करण्याचा आदेश दिला. पुन्हा सुरू व्हायचे तर सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाता कामा नये, अशी अट होती. म्हणून आधी जिवाणूंकडून घाण खाववायची, मग पडद्यातून पाणी काढून पुन्हा रंगाईला वापरायचे. उरलेले खारे पाणी आटवून मीठ परत मिळवायचे. याला वीज लागते, पडदे तुंबतात, बदलावे लागतात, आणि शेवटी थोडा गाळ उरतोच.

पडदा काही नाहीसे करत नाही, तो फक्त वेगळे करतो. एका खात्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या खात्यात दिसलीच पाहिजे, हा आमचा पहिला धडा. मी तो पैशांपुरताच पाळला. कारखान्याच्या खर्चात सांडपाण्याचा खर्च नव्हता, कारण तो त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर नावे पडत होता.

आमच्या बादलीतल्या पाण्याने आता फरशी पुसली जाते. त्या शेतकऱ्याचे कर्ज बँकेने कालांतराने निर्लेखित केले. विहीर मात्र निर्लेखित करता येत नाही.