दोन डोळ्यांचे मोल : पोर्शे ९११ च्या बदलत्या रूपाची कथा

वाहनसृष्टीत काही आकृत्या अशा असतात, की त्यांच्यावरील बोधचिन्ह झाकले तरी त्या दुरूनही ओळखू येतात. जर्मनीतील स्टुटगार्ट शहराच्या त्सुफनहाउझन उपनगरात तयार होणारी पोर्शे ९११ ही त्यांपैकीच एक. उंचावलेल्या मडगार्डांवर बसवलेले दोन गोल दिवे, त्यांच्यामध्ये खाली उतरत गेलेले बॉनेट आणि छपरापासून मागच्या बंपरपर्यंत अखंड ओघळणारी रेषा ही या गाडीची ओळख. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम अवतरली. फर्दिनांद अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटलेले ते रूप पुढील साडेतीन दशके जवळजवळ देवघरातील मूर्तीसारखे जपले गेले. अशा मूर्तीचे डोळे बदलण्याची वेळ आली तेव्हा काय घडले, याची ही हकिकत आहे.

वारशाचे शेवटचे रूप

पोर्शे कंपनीत ९११ च्या प्रत्येक पिढीला एक अंतर्गत क्रमांक दिला जातो. १९९३ मध्ये आलेल्या पिढीचा क्रमांक होता ९९३. हार्म लागाय यांच्या नेतृत्वाखालील आरेखन विभागात टोनी हॅटर यांनी तिला आकार दिला. जुन्या गाडीचे ठळक, जोडल्यासारखे दिसणारे बंपर त्यांनी अंगासरशी मिळवून घेतले, पुढचे दिवे किंचित मागे कलवले आणि मागील मडगार्डांना भरदार गोलाई दिली. छप्पर, दारे आणि बरीचशी उभी असलेली पुढची काच यांची ठेवण मात्र १९६३ च्या गाडीशी नाते सांगणारीच राहिली. आत चालकासमोर पाच गोल तबकड्या पूर्वीप्रमाणेच एका ओळीत होत्या. मागे बसवलेले इंजिनही परंपरेप्रमाणे हवेने थंड होणारे होते. त्यामुळे गाडीच्या नाकाशी रेडिएटरसाठी मोठी छिद्रे ठेवण्याची गरज नव्हती आणि तो चेहरा शांत, नितळ राहिला. अनेक रसिकांच्या मते ९११ चे सर्वांत देखणे रूप ते हेच.

परंतु रूप देखणे असले तरी हिशेब जुळत नव्हता. १९८६ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक गाड्या विकणाऱ्या पोर्शेची विक्री १९९२-९३ च्या आर्थिक वर्षात पंधरा हजारांच्याही खाली घसरली. त्या वर्षीचा तोटा सुमारे २४ कोटी मार्कांचा होता. ही छोटी कंपनी आता एखादा मोठा उद्योगसमूह गिळंकृत करणार, अशी चर्चा उघडपणे होत होती.

नाइलाजाने काढलेला नवा साचा

या संकटकाळात वेंडेलिन वीडेकिंग यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. त्यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत मुरलेल्या जपानी सल्लागारांना कारखान्यात पाचारण केले. सुट्या भागांचे साठे कमी केले आणि एक मूलभूत निर्णय घेतला. बॉक्स्टर ही तुलनेने स्वस्त दोन आसनी गाडी आणि नवी ९११ या दोन्ही एकाच वेळी, शक्य तितके भाग सामाईक ठेवून विकसित करायच्या. त्यानुसार १९९६ मध्ये बॉक्स्टर बाजारात आली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये फ्रँकफर्ट येथे नवी ९११, म्हणजेच ९९६, जगासमोर आली.

हाँगकाँगमध्ये जन्मलेले आरेखनकार पिंकी लाय यांनी घडवलेली ही पहिलीच ९११ अशी होती, जिचा सांगाडा पूर्णपणे नवा होता. लांबी ४,२४५ मिलिमीटरवरून ४,४३० झाली, तर रुंदी १,७३५ वरून १,७६५ झाली. पुढची काच अधिक कलती झाली, पृष्ठभाग गुळगुळीत झाले आणि हवेचा रोध दर्शविणारा गुणांक ०.३३ वरून ०.३० वर आला. आकार वाढूनही वजन सुमारे ५० किलोंनी घटले. इंजिन आता पाण्याने थंड होऊ लागले, कारण आवाज आणि धुराविषयीचे कडक होत जाणारे नियम हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पाळणे अवघड जात होते. त्यासाठी रेडिएटर नाकाच्या दोन्ही कोपऱ्यांत बसवावे लागले आणि पुढच्या बंपरला रुंद जबडे आले.

हे सारे लोकांनी कदाचित निमूट स्वीकारलेही असते. खटकले ते डोळे. ९९६ चे दिवे गोल नव्हते. मुख्य दिवा, धुक्यातील दिवा आणि वळण दाखवणारा नारिंगी दिवा एकाच काचेखाली घेतल्यामुळे खालच्या बाजूने ओघळल्यासारखा एक आकार तयार झाला होता. जुळणीच्या वेळी अनेक सुटे दिवे बसवण्याऐवजी एकच संच झटकन बसवता येई, म्हणून खर्चाच्या दृष्टीने ही योजना चोख होती. पण जर्मन रसिकांनी तिला तव्यावरच्या अंड्याची उपमा दिली आणि ती कायमची चिकटली. त्यावर कडी म्हणजे दिवे, बॉनेट आणि दारे बॉक्स्टरचीच होती. ९११ साठी कितीतरी अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला समोरून येणारी गाडी आपलीच आहे की स्वस्त बहीण, हे ओळखता येईना. आतल्या पाच तबकड्याही आता एकमेकींवर चढल्या होत्या.

टीका होत राहिली आणि विक्रीही वाढत राहिली. ९९३ च्या सुमारे ६८ हजार गाड्या बनल्या होत्या. ९९६ च्या जवळपास पावणेदोन लाख बनल्या. ती अधिक वर्षे उत्पादनात होती हे खरे, पण वर्षाची सरासरीही वाढलेलीच दिसते. बुडू पाहणारी कंपनी बॉक्स्टर आणि ९९६ यांच्या बळावर सावरली.

गोल दिव्यांचे पुनरागमन

कंपनीने टीकेकडे दुर्लक्ष केले नाही. २००१ मध्ये साध्या ९११ ला टर्बो या महागड्या आवृत्तीचे वेगळे दिवे देऊन तिला बॉक्स्टरपासून निराळे केले. खरे उत्तर मात्र २००४ मध्ये ९९७ च्या रूपाने आले. अमेरिकन आरेखनकार ग्रँट लार्सन यांनी गोल दिवे परत आणले. वळणाचे दिवे पुन्हा वेगळे होऊन बंपरवर गेले. लांबी जवळपास तीच ठेवून रुंदी १,८०८ मिलिमीटर केल्याने मागील बाजू भरदार झाली, कंबर आवळल्यासारखी दिसू लागली. ९९६ शेजारी उभी केली, तर ९९७ अधिक जुनी आणि अधिक नवी अशी एकाच वेळी भासते. चेहरा ९९३ चा, पण काचेचा कल, हवा कापणारे अंग आणि पाण्याने थंड होणारे इंजिन यांचा पाया ९९६ ने घातलेला. या पिढीच्या दोन लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

ताळेबंद

आज जुन्या गाड्यांच्या बाजारात ९९३ ला सर्वसाधारणपणे ९९६ पेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. केवळ रूपाच्या तराजूत तोलल्यास निकाल स्पष्ट आहे. मात्र कोणत्याही ताळेबंदाला दोन बाजू असतात. पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली प्रतिष्ठा हे एक भांडवलच असते, आणि ९९६ च्या काळात पोर्शेने गरजेपोटी त्यातील काही भाग खर्च केला. त्यातून मिळालेल्या उसंतीचा उपयोग करून ९९७ च्या वेळी ते भांडवल परत जागेवर ठेवले. परतफेड झाली नसती, तर तीच काटकसर उधळपट्टी ठरली असती.

२०११ मध्ये आलेली ९९१ आणि २०१८ मध्ये आलेली ९९२ या दोन्ही पिढ्यांनी गोल दिवे सोडले नाहीत. ९९६ कडेही लोक आता निवळलेल्या नजरेने पाहू लागले आहेत. २०२२ मध्ये पोर्शेच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाने १९९८ सालची एक ९९६ नव्याने सजवून सादर केली. एकेकाळी सर्वाधिक टीका झालेल्या गाडीला तिच्याच घरात मिळालेला हा मान तसा उशिराचा, पण तिच्या कामगिरीला साजेसाच म्हणावा लागेल.