एका वर्षास एक चित्रपट

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील मुलांनी एक खेळ काढला. प्रत्येक सालातील एकच चित्रपट निवडावयाचा, आणि अशी वर्षवार यादी तयार झाली म्हणजे दर रविवारी रात्री त्यांतील एकेक चित्रपट सर्वांनी एकत्र बसून पाहावयाचा. यादी करण्याचे काम, वयाने वडील आणि पेशाने शिक्षक म्हणून, आमच्याकडे आले. सीमा आम्हीच आखून दिली. चित्रपट महाराष्ट्रात निघालेले असावेत आणि काळ १९१३ ते १९४४ असावा. बत्तीस वर्षे, बत्तीस नावे; एका संध्याकाळचे काम, असे वाटले होते. त्यास दोन महिने लागले आणि वही अजून पुरती भरलेली नाही.

अडचण अशी की, उत्कृष्ट काय हे ठरविण्यापूर्वी ते कोणत्या प्रमाणाने ठरवावयाचे हा प्रश्न उभा राहतो. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितलेली आहेत. चित्रपट ही तर डोळ्यांनी पाहावयाची वस्तू. तेव्हा येथे प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण चालू नये, जो चित्रपट आम्ही स्वतः पाहिला नाही त्यास यादीत स्थान नाही, असा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकला. नियम शुद्ध होता. परंतु पहिल्याच ओळीवर तो अडखळला.

१९१३ साली दुसरे नाव कोणाच्या मनात येणार? ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच जागी दाखविला गेला होता खरा, पण ते मूळच्या नाटकाचेच चित्रण असल्यामुळे पहिलेपणाचा मान बहुतेक जण फाळक्यांस देतात. तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहातील साळुंके नावाच्या आचाऱ्यास लुगडे नेसविले. रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा उभा केला. आणि सरस्वतीबाई फाळके यांनी सर्व मंडळींचे जेवणखाण सांभाळून शिवाय फिल्मला भोके पाडण्याचेही काम केले. मराठी घरातील एका बाईने रात्री जागून हे काम केले म्हणून तो पट उभा राहिला, हे आमच्या मते तारामतीच्या सत्त्वाइतकेच सांगण्याजोगे आहे.

आता हा चित्रपट आम्ही पाहिला आहे काय? पाहिला आहे, म्हणजे त्याची उरलेली रिळे पाहिली आहेत. पण ती रिळे मूळ १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास त्याच कथेचे पुन्हा चित्रण केले त्यातील आहेत, असे काही साक्षेपी अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते खरे मानले तर आमच्या नियमाने भारतीय चित्रपटाच्या जन्मवर्षाचीच ओळ कोरी ठेवावी लागते! मुलांनी हे ऐकून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती वर्णन करण्याजोगी नाही.

त्यामानाने १९१९ साल सुखाचे. ‘कालिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी हीच त्यात कृष्ण झाली आहे. आरंभी ती आपल्या साध्या वेषात पडद्यावर येते आणि राग, भय, हसू असे निरनिराळे भाव चेहऱ्यावर उमटवून दाखविते. मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. बापाने मुलीचे केलेले हे कौतुक शंभर वर्षांनंतरही ताजे वाटते. १९१७ च्या ‘लंकादहना’त एकट्या साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. त्या पटाची कीर्ती मोठी. जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागत असे सांगतात. पण कीर्ती म्हणजे दर्शन नव्हे.

यापुढे मात्र वहीची पाने ओस पडू लागली. भारतात तेराशेच्या घरात मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने आज उरलेले बोटांवर मोजावे लागतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जात्याच ज्वालाग्राही. ती कोंदट जागी ठेवली तर आपोआप कुजते आणि ठिणगी पडली तर भडकते. जी जळली नाही, ती कित्येकांनी तीतील चांदी काढून घेण्यासाठी वितळविली. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव हिंडून, फाळके कुटुंबीयांकडेही जाऊन, मिळेल ते रीळ गोळा केले. त्यांचे उपकार महाराष्ट्रावर फार आहेत. तथापि संग्रहालय निघेपर्यंत मूकपटांचा बहुतेक ठेवा गेलेला होता. आणि जे हाती लागले त्यातीलही पुष्कळ नायट्रेट रिळे २००३ च्या आगीत पुण्यातच भस्मसात झाली. पोथ्या वाळवीने खाल्ल्या तरी एखादी नक्कल दुसऱ्या मठात सापडते. येथे तीही आशा थोडी.

या ओसाड पानांतील एका ओळीने आम्हांस खरोखर त्रास दिला. ती १९२५ ची. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी त्या साली नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा चालू असताना, सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरातील गिरणीत मजुरीस जाणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्या शेतकऱ्याचे काम करणारा तरुण म्हणजे पुढील काळातील व्ही. शांताराम. हा चित्रपट आज कोठेही उपलब्ध नाही. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता. अंधूक उजेडात टिपलेली एक उदास झोपडी आणि तेथे भुंकणारे कुत्रे एवढे दृश्य कित्येक वर्षांनी त्यांच्या स्मरणात होते. मूकपट, म्हणजे कुत्र्याचा आवाज नाही. आणि तरीही तो पाहणाऱ्यास ऐकू आला!

आता नियमाप्रमाणे ही ओळ कोरी. पण ती कोरी ठेवली तर आमच्या नातवंडांस वाटणार की १९२५ साली महाराष्ट्रात काही घडलेच नाही, आणि शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर प्रथम आणले ते पुढच्या कोणी तरी. तो तर सरळ सरळ असत्याचा संस्कार झाला. आठ दिवस विचार करून आम्ही आमची चूक कबूल केली. शब्दप्रमाण म्हणजे गावगप्पा नव्हे. आप्ताचे वाक्य तेवढेच प्रमाण. ज्याने स्वतः पाहिले, ज्यास कला कळत होती आणि खोटे बोलण्याचे ज्यास कारण नव्हते, असा साक्षी मिळेल तर त्या चित्रपटाचे नाव लिहावे. मात्र शाईने नव्हे, पेन्सिलीने. पाहिलेले शाईने आणि ऐकलेले पेन्सिलीने, असे ठरल्यावर १९२५ ची ओळ भरली आणि १९१३ चीही भरली. १९३१ च्या ओळीत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट, १४ मार्च रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला, तोही पेन्सिलीनेच आला, कारण त्याचीही प्रत उरलेली नाही.

बोलपटांच्या काळात पाऊल टाकताच निराळी आपत्ती. तेथे उणीव नसून गर्दी. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. एकोणीस वर्षांपूर्वी जेथे आचाऱ्यास लुगडे नेसवावे लागले, तेथे आता दुर्गाबाई खोटे यांच्यासारखी कुलीन, सुशिक्षित स्त्री तारामती म्हणून उभी राहिली. हे दोन पट पाठोपाठ दाखवावेत, बाकीचे व्याख्यान आपोआप होते. १९३३ चे ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा खटाटोप जर्मनीपर्यंत जाऊन फसला. ते पेन्सिलीत राहू द्यावे. १९३४ साली ‘अमृतमंथन’, त्यातील राजगुरूच्या डोळ्यासाठी. १९३५ साली ‘धर्मात्मा’. चित्रपट म्हणून तो मध्यम आहे हे आम्ही जाणतो. परंतु बालगंधर्व पुरुषवेषात, एकनाथ महाराज म्हणून! ‘महात्मा’ हे मूळ नाव सरकारी परीक्षकांस खपले नाही म्हणून ते बदलावे लागले, हाही त्या काळाचा एक पुरावा.

खरा पेच पुढील दोन वर्षांचा. १९३६ साली ‘अमरज्योती’ आहे, मास्टर विनायक यांचा खांडेकरांच्या कथेवरील ‘छाया’ आहे. पण दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ ज्याने पाहिला तो दुसरे नाव घेणार नाही. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा अभिनय करीत आहे असे कोठेही वाटत नाही. परंतु आमचे मत विचाराल तर त्या चित्रपटाचा कणा आवली आहे. ती करणारी गौरी कोणी नामांकित नटी नव्हती. मुलगा आजारी पडला असता वहाण हातात घेऊन देवळात विठोबास जाब विचारणारी आणि नवरा वैकुंठास निघाला तरी चूल न सोडणारी ही बाई पाहिली, म्हणजे संतांच्या संसाराचा भार कोणी वाहिला हे कळते. त्यातील शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धर्तीवर रचलेले एक पद भल्याभल्यांनी तुकोबांचेच समजून गाथेत शोधले. १९३७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात या पटाचा गौरव झाला.

हा चित्रपट मुंबईस लागला १२ डिसेंबर १९३६ रोजी. तीन आठवडे उशीर झाला असता तर तो १९३७ चा ठरला असता, आणि मग ‘कुंकू’चे काय? वर्षास एक हा नियम किती आंधळा आहे, हे येथे कळते. पंचांगाच्या कृपेने दोन्ही वाचले.

‘कुंकू’ही नारायण हरि आपटे यांच्याच कादंबरीवरून, दिग्दर्शक शांताराम. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मानावयास नकार देते, एवढीच कथा. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले, काकासाहेबांचे केशवराव दाते यांनी. आणि काकासाहेबांची सुधारक मुलगी सुशीला म्हणजे रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई. पार्श्वसंगीत म्हणून वाद्ये वाजत नाहीत; घरातील, रस्त्यावरील जे आवाज ते तेवढे. त्या घरातील जुने घड्याळ तर एखाद्या पात्रासारखे वावरते. दाते यांनी म्हातारा खलपुरुष होऊ दिला नाही, ही त्यांची थोरवी. आरशापुढे उभ्या असलेल्या काकासाहेबांचा राग यावा तो कीव येते.

हा चित्रपट मुलांसमोर लावावा की न लावावा, यावर घरात दोन तट पडले. शेवट आत्महत्येचा, हे एक कारण. आणि न बोललेले दुसरे कारण आमच्या आत्याबाई. त्यांचे वय आज नव्वदीच्या घरात. सोळाव्या वर्षी त्यांस त्यांच्याहून बावीस वर्षांनी मोठ्या बिजवरास दिले होते. आम्ही भीतभीतच त्यांच्यापाशी विषय काढला. त्या म्हणाल्या, “अरे, ते चित्र मी पाहिलंय. दुपारी घरात कोणी नसलं की घड्याळ तसंच वाजतं. लाव तू खुशाल, मी पुढं बसेन.” त्या पुढे बसल्या. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेथे त्या हसल्या. बाकी शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या नातीने त्या ओळीवरील शाई पुन्हा एकदा गडद केली.

पुढील वर्षे भराभर गेली. १९३८ ला विनायक-अत्रे यांचा ‘ब्रह्मचारी’, कारण रोज उठून रडता येत नाही. १९३९ ला अत्र्यांच्या ‘ब्रँडीच्या बाटली’साठी पुतण्यांनी पुष्कळ गलका केला, पण ‘माणूस’ पुढे तो टिकला नाही. गणपत पोलीस मैनेस आपल्या आईपुढे नेतो, तेथे शांता हुबळीकरांचे अवघडलेले उभे राहणे एकदा पाहिले की वाद संपतो. ‘देवदास’ पाहून मरणाचे वेड घेतलेल्या तरुणांस शांतारामांनी हे उत्तर दिले होते. १९४० ला ‘संत ज्ञानेश्वर’. १९४१ ला ‘शेजारी’, ज्यात जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे बुद्धिबळाच्या पटावरून उठून एकमेकांचे वैरी होतात आणि धरण फुटते तेव्हा हातात हात घेऊन जातात. आज तो मुलांस दाखविताना मध्ये थांबून काही सांगावे लागले नाही. त्यानंतर शांताराम ‘प्रभात’ सोडून गेले. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारचे नियंत्रण आले. १९४२ आणि १९४३ या ओळींवर घरात अजून एकमत नाही.

१९४४ चा ‘रामशास्त्री’ ही शेवटची ओळ. गजानन जागीरदार यांचे शास्त्रीबुवा आणि ललिता पवार यांची आनंदीबाई यांनी ती भरली. पुढच्याच वर्षी दामले वारले आणि ‘प्रभात’चे ते पहिले दिवस सरले, म्हणून आम्ही तेथे रेघ मारली.

बत्तीस ओळींपैकी निम्म्याहून अधिक अद्याप पेन्सिलीच्या किंवा कोऱ्या आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या वेळचा एखादा पत्र्याचा गोल डबा पडलेला असेल तर तो घरी उघडू नये, उन्हात ठेवू नये, विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नये. पुण्याच्या संग्रहालयास तसे कळवावे. आमच्या वहीतील १९२५ ची ओळ आम्ही फार बारीक अक्षरांत लिहिली आहे. वर शाईने लिहिण्यापुरती जागा ठेवली आहे.